मास्टर रामचंद्र : दिल्लीच्या वर्गातील बीजगणित

एकोणिसाव्या शतकातील भारतीय गणिताचा इतिहास लिहिणारे अभ्यासक दिल्लीच्या मास्टर रामचंद्र यांना एका इंग्रजी ग्रंथापुरते ओळखतात; उर्दू गद्याचा इतिहास लिहिणारे त्यांना दोन नियतकालिकांपुरते ओळखतात. धर्मप्रसाराच्या इतिहासात त्यांचे नाव येते ते १८५२ मधील धर्मांतरामुळे, आणि सत्तावन्नच्या इतिहासात येते ते एका अर्जामुळे. एकाच माणसाचे असे चार तुकडे चार कपाटांत विखुरले गेले की त्याचे चरित्र हाती लागत नाही. या चारही तुकड्यांना सांधणारी जागा वर्गाची आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. रामचंद्र हे आधी अध्यापक होते आणि मग ग्रंथकार, संपादक वा सुधारक. त्यांचा गाजलेला ग्रंथही गणितज्ञाच्या अभ्यासिकेत नव्हे, तर फळ्यासमोर जन्मला. ज्या अध्यापकाला स्वतःच्या अंगी नेमके काय आहे हे कळले आहे, आणि समोरच्या विद्यार्थ्याच्या अंगी काय आहे याचाही अंदाज आहे, अशा अध्यापकाचा तो ग्रंथ आहे. तो तसा वाचला गेला नाही, हे त्यांच्या आयुष्याचे एक दुखणे होय.

रामचंद्र यांचा जन्म १८२१ चा, पानिपतचा. मराठी वाचकाला पानिपत म्हटले की दुसरे काही सुचत नाही. पण त्या लढाईला तेव्हा साठ वर्षे लोटली होती, आणि ते गाव आता कंपनी सरकारच्या महसुली कारभारातले एक ठाणे होते. वडील सुंदरलाल हे माथुर कायस्थ असून महसूल खात्यात नोकरीस होते. कायस्थ घराण्यात लेखणी आणि फार्सी यांचा वारसा बापाकडून मुलाकडे सहज जात असे. येथे मात्र तो वारसा मध्येच खुंटला. रामचंद्र दहा वर्षांचे असतील नसतील तोच वडील वारले, आणि सहा मुलांना वाढविण्याचा भार आईवर पडला. १८३३ मध्ये रामचंद्र दिल्लीच्या सरकारी इंग्रजी शाळेत दाखल झाले. लहान वयातच त्यांचे लग्न एका संपन्न घराण्यात लावून देण्यात आले. मुलगी मूकबधिर आहे हे नंतर कळले. या प्रसंगावर भावनेचा मुलामा चढविण्याचा मोह चरित्रकारांना आवरलेला नाही. आपण त्याची नोंद करून पुढे जावे हे बरे; कारण त्या मुलीच्या बाजूने हा प्रसंग सांगणारे कोणी नव्हते.

पुढच्या सगळ्या घडामोडीचे बीज शाळेतल्या एका उणिवेत आहे. त्या शाळेत गणिताचे शिक्षण जवळजवळ नव्हतेच. रामचंद्र यांना त्या विषयाची ओढ लागली ती आपोआप. मिळतील ती पुस्तके मिळवावी, घरी बसून उदाहरणे सोडवावी, अडले तर पुन्हा मागे जावे, अशा रीतीने ते गणित शिकले. स्वतःच शिकलेल्या माणसाच्या ज्ञानाला एक विशेष आकार असतो. कोणत्या पायरीवर पाय घसरतो हे त्याला ठाऊक असते, कारण तेथे तो स्वतः घसरलेला असतो. गुरूकडून सरळ मार्गाने आलेल्या पंडिताला पुष्कळदा तेवढेच ठाऊक नसते. शाळा सुटल्यावर दोन-तीन वर्षे कारकुनी करून १८४१ मध्ये ते पुन्हा शिक्षणाकडे वळले. स्पर्धेतून त्यांना दरमहा तीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली होती. फेब्रुवारी १८४४ मध्ये दिल्ली कॉलेजच्या प्राच्य विभागात युरोपीय विज्ञानाचे शिक्षक म्हणून पन्नास रुपये वेतनावर त्यांची नेमणूक झाली. वय होते तेवीसच्या आतबाहेर.

या संस्थेविषयी येथे थोडे थांबावयास हवे. अजमेरी दरवाजापाशी गाजीउद्दीन याचा मदरसा होता. त्यातून कंपनी सरकारच्या आश्रयाखाली दिल्ली कॉलेज उभे राहिले. १८४० नंतरच्या काही वर्षांतच ते काश्मीरी दरवाजाजवळ, दारा शुकोह याच्या ग्रंथालयाची म्हणून ओळखली जाणारी जी वास्तू आहे, तेथे हलले. (उपनिषदांचे फार्सी भाषांतर करविणाऱ्या राजपुत्राच्या नावाच्या वास्तूत बीजगणिताचे उर्दू भाषांतर शिकविले जावे, हा योगायोग दिल्लीलाच शोभतो. त्याच वास्तूत २०२३ मध्ये फाळणीचे संग्रहालय उघडण्यात आले.) कॉलेजचे दोन विभाग होते : इंग्रजी आणि प्राच्य. प्राच्य विभागात अरबी, फार्सी आणि संस्कृत यांच्या जोडीला भूगोल, गणित, ज्योतिष, पदार्थविज्ञान हे विषय उर्दूतून शिकविले जात. कलकत्त्यात आणि मुंबईत नवे ज्ञान बव्हंशी इंग्रजीचे बोट धरून येत असता, दिल्लीत ते देशभाषेतून, आणि तेही वरच्या वर्गांपर्यंत शिकविण्याचा प्रयत्न चालला होता. १८४२ मध्ये फार्सीच्या अध्यापकपदासाठी मिर्झा गालिब यांना पाचारण झाले. साहेब स्वागतास दारापर्यंत आला नाही म्हणून ते पालखीतून परत फिरले, ही कथा सर्वश्रुत आहे. ते पद इमाम बख्श सहबाई यांना मिळाले. अरबीचे मौलवी ममलूक अली हे तर त्या काळातले मान्यवर विद्वान. अशा मंडळींत कालपर्यंत विद्यार्थी असलेला, कोणत्याही परंपरेची सनद नसलेला एक तरुण कायस्थ पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे शिकवू लागला.

त्याच्याजवळ ना अरबी पांडित्याचे वजन होते, ना इंग्रज असण्याचे. होते ते दोनच गुण. एक, बीजगणितावरची स्वकष्टार्जित पकड. आणि दुसरा, कठीण गोष्ट बोलीच्या उर्दूत उलगडून सांगण्याची हातोटी. आपल्या उण्या बाजू भरून काढीत बसण्यापेक्षा रामचंद्र यांनी या दोन गुणांवरच सगळी इमारत उभी केली.

पाठ्यपुस्तके नव्हती. प्राचार्य फेलिक्स बुत्रो यांच्या पुढाकाराने देशभाषांत ग्रंथ करविण्यासाठी एक संस्था निघाली होती. तिचे धोरण शहाणपणाचे होते. उर्दूत रुळलेला साधा शब्द असेल तर तो घ्यावा. नसेल तर अरबी-फार्सीतून घ्यावा. तेही साधले नाही तर युरोपीय शब्द आहे तसा उचलावा. रामचंद्र या संस्थेचे एक प्रमुख लेखक झाले. बीजगणित, त्रिकोणमिती, ज्योतिष अशा विषयांवर त्यांनी उर्दूत पुस्तके केली, ती उद्याच्या तासाला लागणार म्हणून. मराठीशी तुलना करता येथे एक भेद लक्षात येतो. मुंबईत बाळशास्त्री जांभेकर यांनी कलनशास्त्रावरचा मराठी ग्रंथ रचला तेव्हा त्याला शून्यलब्धि असे संस्कृत नाव घडविले. आणि मराठीची शास्त्रीय परिभाषा पुढे त्याच वाटेने वाढली. दिल्लीकरांना शब्द शुद्ध असण्यापेक्षा तो वर्गात चालतो की नाही याची चिंता अधिक होती. यातले कोणते धोरण बरे, हा वाद आजही मिटलेला नाही. परंतु जांभेकर आणि रामचंद्र यांच्यातले साम्य भेदापेक्षा मोठे आहे. दोघेही गणित आणि ज्योतिष शिकविणारे. दोघांनीही अध्यापन करीत असतानाच वृत्तपत्र आणि मासिक काढले. दोघांचा वर्ग भिंतीबाहेर गेला. जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ चे, ‘दिग्दर्शन’ १८४० चे. १८४६ मध्ये जांभेकर वारले, तेव्हा रामचंद्र यांचे ‘फवायद-उल-नाझिरीन’ नुकतेच कोठे सुरू झाले होते.

हे पाक्षिक १८४५ मध्ये निघाले. दोन वर्षांनी, सप्टेंबर १८४७ मध्ये, त्यांनी ‘खैरख्वाह-ए-हिंद’ हे मासिक सुरू केले. त्या नावाचे एक नियतकालिक मिर्झापूरहून आधीच निघत असल्याचे कळल्यावर त्याचे नाव ‘मुहिब्ब-ए-हिंद’ असे बदलले. विज्ञान, इतिहास, थोरांची चरित्रे, समाजातील रूढींची चिकित्सा असा त्यांतील मजकूर असे. याच काळात ‘अजायब-ए-रोजगार’ (१८४७) आणि ‘तझकिरत-उल-कामिलीन’ (१८४९) ही पुस्तके झाली. पहिले जगातील नवलांचे, दुसरे पूर्वेकडील व पश्चिमेकडील कर्त्या पुरुषांच्या लहान चरित्रांचे. वाङ्मयेतिहासकारांनी या लेखनाचे महत्त्व उशिरा ओळखले. सर सय्यद अहमद यांच्या ‘तहझीब-उल-अख्लाक’च्या आधी दोन तपे रामचंद्र उर्दूत निबंध लिहीत होते, आणि ते अलंकारांचा सोस सोडून लिहीत होते. मौलवी अब्दुल हक यांनी दिल्ली कॉलेजच्या इतिहासात, आणि पुढे सय्यदा जाफर व सिद्दीक-उर-रहमान किदवई यांनी स्वतंत्र ग्रंथांत, हे ऋण नोंदविले आहे. मात्र ही साधी शैली कोठून आली, या प्रश्नाचे उत्तर सहसा इंग्रजी निबंधाकडे बोट दाखवून दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. जो माणूस सकाळी पंचवीस मुलांना भरती-ओहोटीचे कारण समजावून देतो, त्याच्या संध्याकाळच्या लेखणीत यमक-अनुप्रासांची झूल टिकत नाही.

आणि विद्यार्थी? शतकाच्या अखेरीस सी. एफ. अँड्र्यूज दिल्लीत आले असता — नेमके सांगावयाचे तर ते १९०४ मध्ये आले — त्यांना जकाउल्ला भेटले. त्यांच्या चरित्रात अँड्र्यूज यांनी त्या वृद्धाच्या मनात जपलेल्या कॉलेजच्या आठवणी नोंदविल्या आहेत. विज्ञानाच्या तासांची ती विलक्षण ओढ, वायूंवरचे ते प्रयोग, घरी जाऊन वडीलधाऱ्यांना ते सांगण्याची घाई. जकाउल्ला हे गणितात रामचंद्र यांचे लाडके शिष्य. ‘मिरात-उल-अरूस’ लिहून उर्दू कादंबरीचा पाया घालणारे नझीर अहमद, ‘आब-ए-हयात’कार महंमद हुसेन आझाद, प्यारेलाल आशोब हे त्याच कॉलेजचे त्याच काळचे विद्यार्थी. ज्या शिक्षकाच्या छायेत एक गणिती, एक कादंबरीकार आणि एक वाङ्मयेतिहासकार असे तिघे वाढले, त्याने त्यांना आपल्यासारखे केले नाही, एवढे तर दिसतेच. पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी स्थिर आहे या जुन्या सिद्धांताला वरच्या वर्गांतील विद्यार्थी हसू लागले, असे रामचंद्र यांनी पुढे आत्मवृत्तात सांगितले आहे. शहरातील जुन्या विद्वानांना ते हसू रुचले नाही, हेही त्यांनी लपविलेले नाही.

आता त्या ग्रंथाकडे वळू. १८५० मध्ये रामचंद्र यांनी महत्तम व न्यूनतम मूल्यांचे प्रश्न बीजगणिताने सोडविण्याविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ कलकत्त्यात स्वखर्चाने छापला. हे प्रश्न तोवर कलनशास्त्राचा प्रांत मानले जात. दहा हात लांबीच्या रेषेचे दोन भाग असे करा की त्यांचा गुणाकार सर्वांत मोठा यावा, हे त्यातले अगदी सोपे उदाहरण. कलन जाणणारा क्षणात उत्तर देईल, पण त्यासाठी त्याने आधी दोन वर्षे कलन शिकलेले असले पाहिजे. रामचंद्र यांची युक्ती निराळी. एक भाग ‘य’ माना, गुणाकार ‘ग’ माना, वर्गसमीकरण मिळते. त्याची मुळे म्हणजे पाच अधिक किंवा उणे, पंचवीस वजा ‘ग’ याचे वर्गमूळ. ऋण संख्येला वर्गमूळ नाही; म्हणून ‘ग’ पंचविसाहून मोठा होऊच शकत नाही, आणि तो पंचवीस होतो तेव्हा दोन्ही भाग पाच-पाच असतात. प्रश्न सुटला, आणि वर्गसमीकरणापलीकडचे एकही साधन लागले नाही. ऋण संख्येला वर्गमूळ का नाही, याचे उत्तर भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त सातशे वर्षांपूर्वीच येऊन गेलेले आहे. घन समीकरणांचे प्रश्नही रामचंद्र युक्तीने वर्गसमीकरणाच्या पायरीवर आणून सोडवितात. समीकरण जसजसे चढते तसतशी ही वाट दमवणारी होते, हे कबूल केले पाहिजे; काही उदाहरणांत तर कलन शिकून घेणे हाच अधिक सोपा मार्ग ठरेल. परंतु मुद्दा सोपेपणाचा नव्हे. विद्यार्थ्याच्या हाती जे हत्यार आहे तेवढ्यानेच तो किती दूर जाऊ शकतो, हे या ग्रंथाने तपासून पाहिले. हा प्रश्न संशोधकाला पडत नाही. तो अध्यापकाला पडतो.

कलकत्त्यात ग्रंथाचे स्वागत झाले नाही. समीक्षकांनी तो निरुपयोगी ठरविला. जे कलनाने सहज होते ते कष्टाने कशाला करावयाचे, असा त्यांचा आक्षेप. रामचंद्र स्वतः कलकत्त्यास गेले, तरी मत बदलले नाही. केवळ ड्रिंकवॉटर बेथ्यून यांनी काही प्रती विकत घेतल्या आणि त्या विलायतेस धाडल्या. त्यातली एक लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या हाती पडली. डी मॉर्गन यांचा जन्म मदुरेचा. तर्कशास्त्राला बीजगणिताचे रूप देणाऱ्यांपैकी ते एक. आणि त्याखेरीज एक नामांकित शिक्षक. शिक्षकाला शिक्षकाची खूण पटली, असे वाटून घ्यावयास हरकत नव्हती. १८५६ मध्ये त्यांनी कंपनीच्या संचालक मंडळाकडे रामचंद्र यांची शिफारस केली. मंडळाने दोन हजार रुपये आणि पाच वस्त्रांची खिलत देण्याचे ठरविले, आणि ग्रंथ लंडनमध्ये पुन्हा छापविला. डी मॉर्गन यांची दीर्घ प्रस्तावना आणि तीत रामचंद्र यांनी लिहून पाठविलेले आत्मवृत्त यांसह ती आवृत्ती १८५९ मध्ये निघाली. आज रामचंद्र यांच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातले पुष्कळसे त्या आत्मवृत्तातून आले आहे.

गौरव मोठा होता. पण तो कशाचा झाला हे पाहिले पाहिजे. डी मॉर्गन यांची मांडणी थोडक्यात अशी. ग्रीकांची प्रतिभा भूमितीची, हिंदूंची बीजगणिताची. भारतीय बुद्धी चिंतनशील असून तिची स्वतःची परंपरा खुंटली आहे. ती जागी करावयाची तर परके ज्ञान वरून ओतण्याऐवजी तिच्या स्वभावातील बीजगणितापासून आरंभ करावा. रामचंद्र यांचा ग्रंथ हे त्या जागृतीचे लक्षण. यात सहानुभूती आहे, आणि मेकॉले यांच्या टिपणानंतर वीस वर्षांनी असे लिहिणारा इंग्रज विद्वान विरळाच. तरीही येथे एका शिक्षकाच्या अंगचा गुण उचलून तो एका वंशाच्या स्वभावाला चिकटविला गेला. रामचंद्र यांना बीजगणित येत होते ते हिंदू म्हणून नव्हे, तर शाळेत गणित नव्हते म्हणून घरी बसून त्यांनी ते कमावले होते म्हणून. कलकत्त्याच्या समीक्षकांना ग्रंथात जुनाटपणा दिसला आणि लंडनच्या प्रशंसकाला प्राचीनत्व. दिल्लीतला वर्ग दोघांनाही दिसला नाही. ध्रुव रैना आणि एस. इर्फान हबीब यांनी या ग्रंथाकडे एक फुलण्याआधीच खुडली गेलेली अध्यापनपद्धती म्हणून पाहिले आहे, आणि ते मला पटते. माझी भर एवढीच की, त्या खुडण्यात ग्रंथाच्या भाषेचाही वाटा आहे. ज्या वर्गासाठी ही युक्ती सुचली त्या वर्गाची भाषा उर्दू. ग्रंथ लिहिला गेला इंग्रजीत, कारण विद्वानांची मान्यता इंग्रजीतच मिळणार होती. विद्वानांची मान्यता मिळाली तीही अर्धवट, आणि वर्ग मात्र दूर राहिला. आजही आपल्या विद्यापीठांतील देशी भाषांच्या प्राध्यापकांना हा व्यवहार अपरिचित नाही.

त्याच सुमारास जन्मलेल्या, मराठी घराण्यातील बापूदेव शास्त्री परांजपे यांची गोष्ट ताडून पाहण्याजोगी आहे. सिहोरच्या पाठशाळेत लॅन्सलॉट विल्किन्सन यांच्या देखरेखीखाली शिकलेले बापूदेव काशीच्या संस्कृत कॉलेजात गणित व ज्योतिष शिकवू लागले. नवे गणित जुन्या शास्त्राच्या परिभाषेत उतरविण्याचेच काम तेही करीत होते. पण त्यांच्या मागे काशीच्या पंडितसभेचे बळ होते. रामचंद्र यांच्या मागे कोणतीच सभा नव्हती. आणि १८५२ नंतर तर उरलीसुरली जातही गेली.

त्या वर्षी रामचंद्र यांनी आपले मित्र डॉ. चिमनलाल यांच्यासह ख्रिस्ती धर्म स्वीकारला. काश्मीरी दरवाजाजवळचे, स्किनर यांनी बांधलेले सेंट जेम्स चर्च कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर. दिल्लीत प्रचंड खळबळ उडाली. सरकारी कॉलेजात मुलांना पाठविले तर ती बाटतात, ही जी शंका होती तिला पुरावा मिळाला. धर्मांतर हा ज्याच्या त्याच्या अंतःकरणाचा प्रश्न आहे, त्यावर चरित्रकाराने निवाडा देऊ नये. त्याचा वर्गावर काय परिणाम झाला हे मात्र पाहावे लागते. रामचंद्र यांचे मोठे बळ असे की ते विद्यार्थ्याच्याच भाषेत, त्याच्याच गल्लीतले म्हणून बोलत. ते बळ आता उणावले. ते तेच गणित तितकेच चांगले शिकवीत असतील. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र आता शिकविणाऱ्याविषयी एक प्रश्न उभा राहू लागला. ‘फवायद-उल-नाझिरीन’ आणि ‘मुहिब्ब-ए-हिंद’ हीही त्या सुमारास मिटली.

११ मे १८५७ रोजी मीरतचे शिपाई दिल्लीत शिरले आणि पहिल्या बळींत डॉ. चिमनलाल होते. प्राचार्य फ्रान्सिस टेलर यांना आझाद यांचे वडील, ‘दिल्ली उर्दू अखबार’चे संपादक मौलवी महंमद बाकर यांनी काही काळ आश्रय दिला; पण टेलर शेवटी मारले गेले, आणि दिल्ली परत घेतल्यावर इंग्रजांनी बाकर यांना देहान्ताची शिक्षा दिली. कॉलेजचे ग्रंथालय लुटले गेले. रामचंद्र हे भावांच्या घरी आणि मग शहराबाहेरील एका खेड्यात लपून वाचले, तेथून इंग्रजांच्या छावणीत पोहोचले, आणि त्यांनी तेथे भाषांतराचे काम केले. दिल्ली पडल्यावर ते विजेत्यांबरोबर परतले. त्या हिवाळ्यात त्यांनी लष्करी अधिकाऱ्यांकडे दिलेला अर्ज जतन झाला आहे. संध्याकाळी शेजारच्या वाड्यातून इंग्रज अधिकारी आपल्या घरावर गोळे फेकतात. एकदा रस्त्यात एका अधिकाऱ्याने डोक्यात काठी मारली, आणि आपण सरकारी नोकर व ख्रिस्ती आहोत असे सांगितल्यावर तो अधिकच चवताळला, अशी तक्रार त्यात आहे. लंडनमध्ये त्यांच्या ग्रंथाचे पुनर्मुद्रण होऊ घातले होते ते याच सुमारास. एकीकडे भारतीय बुद्धीच्या पुनरुज्जीवनाचा पुरावा म्हणून गौरव, दुसरीकडे रंगामुळे काठी. आणि दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष माणसाकडे पाहण्याची कोणाला गरज वाटलेली नाही.

१८५८ च्या आरंभी रुडकीच्या टॉमसन अभियांत्रिकी कॉलेजात त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी ते दिल्लीच्या जिल्हा शाळेचे मुख्याध्यापक होऊन परतले. उजाड शहरात शाळा उभी करणे हे काम ग्रंथ लिहिण्यापेक्षा कमी मोलाचे नव्हते, पण अशा कामाची चरित्रे लिहिली जात नाहीत. १८६३ मध्ये कलनाच्या एका नव्या रीतीविषयी, स्थिर गुणोत्तरांच्या पद्धतीविषयी, त्यांनी दुसरा ग्रंथ कलकत्त्यात प्रसिद्ध केला. तोही अध्यापकाचाच ग्रंथ. अनंत सूक्ष्माच्या कल्पनेपाशी विद्यार्थी अडखळतो, तेव्हा ती टाळून पुढे जाता येईल काय, हा त्याचा शोध. त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १८६६ मध्ये प्रकृतीच्या कारणाने ते सेवानिवृत्त झाले. पुढे पतियाळाचे महाराजा महेंद्रसिंग यांचे शिक्षक, आणि १८७० पासून त्या संस्थानाच्या शिक्षण खात्याचे प्रमुख. पन्नास रुपयांचा शिक्षक संस्थानभर शाळा काढणारा अधिकारी झाला. परंतु जकाउल्लांना शिकविणारे ते मास्टर आता फळ्यासमोर नव्हते.

१८६४ मध्ये दिल्ली कॉलेज पुन्हा उघडले होते, ते इंग्रजीला अग्रस्थान देऊन. १८७७ मध्ये ते बंद करून उच्च शिक्षण लाहोरकडे वळविण्यात आले. रामचंद्र १८८० मध्ये वारले. त्याच वर्षी आझाद यांचे ‘आब-ए-हयात’ प्रसिद्ध झाले. जकाउल्ला तेव्हा अलाहाबादच्या म्यूर कॉलेजात शिकवीत होते, आणि शाळांसाठी अंकगणिताची, भूमितीची, बीजगणिताची पुस्तके एकामागून एक उर्दूत लिहीत होते.